ओनसेन-जी (किनोसाकी)

ओनसेन-जी हे जपानच्या ह्योगो प्रांतातल्या किनोसाकी गावातलं शिंगोन पंथाचं (मंत्रांवर भर देणारा जपानी बौद्ध पंथ) जुनं बौद्ध मंदिर. ओनसेन म्हणजे गरम पाण्याचा झरा, जी म्हणजे मंदिर, नावातच सगळं आलं.

आपल्याकडे आधी आंघोळ मग देव, अगदी वज्रेश्वरीच्या कुंडांवरही तसंच. इथे उलटं होतं. जुन्या काळी औषध म्हणून गरम पाण्यात बसायला आलेला माणूस आधी डोंगरावर मंदिरात जायचा, पाण्यात उतरायची रीत समजून घ्यायचा, तिथून लाकडी पळी घ्यायचा आणि मग खाली येऊन आंघोळ.

याचं मूळ दोची शोनिन या भिक्षूच्या कथेत आहे (शोनिन ही आदराची पदवी). तो ७१७ मध्ये इथे आला, आजारी लोकांसाठी १००० दिवस मंत्रजप केला आणि ७२० मध्ये गरम पाणी उसळलं असं सांगतात. ते पाणी म्हणजे मांदारा-यु, गावातल्या ७ सार्वजनिक स्नानगृहांपैकी एक (मांदारा म्हणजे आपलं मंडलच, जपानीत जाऊन असं झालं). मंदिर मात्र नंतरचं, ७३८ चं.

मुख्य मूर्ती अकरा मुखांच्या कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाची. आपल्या कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, भारतात हे रूप फार क्वचित दिसतं, तिकडे जपानात मात्र भरपूर. या मूर्तीची दंतकथा मला सगळ्यात आवडते. केइमोन नावाच्या शिल्पकाराने ती घडवायला घेतली पण पक्षाघात झाला आणि काम अर्धवट राहिलं, पुढे साथ आली तेव्हा लोकांनी मूर्तीलाच दोष देऊन पाण्यात सोडली, ती वाहत वाहत किनोसाकीच्या किनाऱ्याला लागली, आणि इकडे केइमोन उपचाराला म्हणून याच गावात आला तर समोर आपलीच मूर्ती! एरवी ती बंद असते, दर ३३ वर्षांनी ३ वर्षं दर्शनाला उघडतात, अलीकडे २०१८ मध्ये उघडली होती.

१९२५ च्या भूकंपात आणि आगीत खालचं गाव जवळपास संपलं, आज दिसतं ते नंतर उभं राहिलेलं. मंदिराचा मुख्य हॉल मात्र मुरोमाची काळातला, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकातला. वर जायला १९६३ पासून रोपवे आहे, मधल्या स्टेशनवर उतरलं की मंदिर, गुडघे ठीक असतील तर पायऱ्यांनीच जा. दोचीच्या आठवणीत २३-२४ एप्रिलला गावात ओनसेन उत्सव असतो.