नाटकाचा चित्रपट

रंगमंचासाठी लिहिलेल्या संहितेवरून रचलेला चित्रपट. प्रयोगासमोर कॅमेरा लावून केलेले मुद्रण हा निराळा प्रकार. त्यात नाटक नाटकच राहते. रूपांतरात मात्र कथानक आणि पात्रे तीच ठेवली, तरी दोन गोष्टी नव्याने ठरवाव्या लागतात. पात्र बोलते ते कुणाशी, ही पहिली. आणि ज्या बंदिस्त जागेत ते बोलणे घडते तिचे काय करायचे, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे ज्यांना सापडली ते चित्रपट मूळ नाटकाच्या शेजारी मानाने उभे आहेत.

सिनेमाने नाटकाकडे धाव घेतली ती अगदी बाल्यावस्थेत. १९०० साली फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या वेषात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. जगातल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध स्वगताचा हा नायक पडद्यावर प्रथम आला तो द्वंद्वयुद्ध खेळताना, तेही अवघ्या काही मिनिटांपुरता. मूकपटाला शब्द पेलणारा नव्हता. बोलपट आल्यावर उलटी अडचण उभी राहिली: शब्द पडद्यावर आले, पण जास्त झाले.

स्वगत हा या अडचणीचा गाभा आहे. रंगमंचावरचे पात्र प्रेक्षागृहाच्या काळोखाकडे पाहून मन मोकळे करते आणि समोरचे शेकडो लोक ते ऐकतात. पडद्यासमोरच्या प्रेक्षकाचे अस्तित्व पात्राला ठाऊकच नसते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी ‘हॅम्लेट’मध्ये (१९४८) स्वगतातला काही भाग ओठ न हलवता केवळ मनातल्या आवाजात ऐकवला. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तरी या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर ‘अमॅडियस’मध्ये (१९८४) आहे. पीटर शॅफर यांच्या १९७९च्या नाटकात मोत्सार्टचा मत्सर करणारा संगीतकार, म्हातारा सालिएरी, थेट प्रेक्षकांना आपली कहाणी सांगतो. चित्रपटाची पटकथाही शॅफर यांनीच लिहिली आणि दिग्दर्शक मिलॉश फॉर्मन यांच्याबरोबर काम करताना सालिएरीसमोर एक तरुण धर्मगुरू आणून बसवला. निवेदनाचा कबुलीजबाब झाला. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटणारी अस्वस्थता कॅमेऱ्याला टिपता आली. मृत्युशय्येवरचा मोत्सार्ट ‘रेक्विएम’ ही मृतांसाठीची संगीतरचना सांगतो आणि सालिएरी ते स्वरांकित करत जातो, हा प्रसंगही नाटकात नाही. संगीताची रचना होताना प्रत्यक्ष दिसते आणि ऐकू येते, असा तो प्रसंग सिनेमालाच शक्य होता. चित्रपटाला मिळालेल्या आठ ऑस्कर पुरस्कारांपेक्षा लेखकाने आपलीच कृती इतक्या निर्भयपणे मोडून पुन्हा बांधली, याचे मोल अधिक वाटते.

दुसरा प्रश्न जागेचा. नाटक एका खोलीत घडते म्हणून चित्रपटात पात्रांना रस्त्यावर, बागेत, गाडीत हिंडवायचे, हा सर्रास वापरला जाणारा उपाय. बहुतेक वेळा तो घातक ठरतो, कारण पात्रांना खोलीबाहेर पडता येत नाही यातच नाटकाचा ताण असतो. टेनेसी विल्यम्स यांच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाचा (१९४७) चित्रपट करताना एलिया कझान यांनी आधी कथा बाहेर नेण्याचा विचार केला होता. नंतर तो सोडून ते त्या कोंदट घरातच परतले. चित्रपटात (१९५१) घराच्या भिंती हळूहळू जवळ आणल्या आहेत. ते प्रेक्षकाच्या सहज ध्यानात येत नाही, पण नायिका ब्लाँशचा श्वास कोंडतो तसा आपलाही कोंडू लागतो. आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘डायल एम फॉर मर्डर’ (१९५४) जवळजवळ सगळा एका दिवाणखान्यात ठेवला. त्याआधी ‘रोप’मध्ये (१९४८) त्यांनी नाटकाचा सलगपणा जपण्यासाठी दहा-दहा मिनिटांपर्यंतचे अखंड शॉट घेतले, कॅमेऱ्यात मावणाऱ्या फिल्मच्या रिळाची लांबी तेवढीच होती. ‘रोप’ तंत्राचा पराक्रम म्हणून पाहावा. सफाई ‘डायल एम’मध्ये जास्त आहे.

शब्द जपणाऱ्यांची ही परंपरा, तर शब्दच टाकून देणाऱ्यांची दुसरी. अकिरा कुरोसावा यांच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये (१९५७) ‘मॅकबेथ’चे काव्य नाही. तिथे धुके आहे, वाट चुकवणारे जंगल आहे आणि जपानच्या ‘नो’ या पारंपरिक रंगभूमीवरून आलेली संथ, मोजकी हालचाल आहे. मॅकबेथच्या पत्नीच्या जागी असलेली असाजी मुखवट्यासारख्या निश्चल चेहऱ्याने बसते. ती गुंगीची दारू आणायला काळोखात जाते आणि परत येते तेव्हा ऐकू येते ती फक्त तिच्या रेशमी वस्त्राची सळसळ. शेक्सपिअरने पानभर ओळींतून उभी केलेली भीती त्या सळसळीत आहे. एका रंगभूमीचे नाटक सिनेमात नेण्यासाठी दुसऱ्या रंगभूमीचा आधार घेतला, आणि तोच सर्वांत मोकळा मार्ग ठरला. पुढे ‘रान’मध्ये (१९८५) त्यांनी शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधल्या राजाच्या मुलींच्या जागी मुलगे आणले. रशियन दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांचा ‘हॅम्लेट’ (१९६४) या दोन्ही परंपरांच्या मधोमध उभा आहे: संवाद बोरिस पास्तरनाक यांच्या अनुवादातले, संगीत दिमित्री शोस्ताकोविच यांचे, आणि समुद्र, दगड, लोखंड यांनी भरलेली दृश्ये.

हिंदीत विशाल भारद्वाज यांनी ‘मकबूल’ (२००३), ‘ओमकारा’ (२००६) आणि ‘हैदर’ (२०१४) या तीन चित्रपटांतून शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’, ‘ऑथेल्लो’ आणि ‘हॅम्लेट’ या तीन शोकांतिका अनुक्रमे इथल्या मातीत रुजवल्या. ‘मकबूल’मध्ये चेटकिणींच्या जागी दोन पोलीस अधिकारी आहेत, ते भविष्य नुसते सांगत नाहीत, ते घडावे म्हणून हातभारही लावतात. ऑथेल्लोच्या रुमालाचा ‘ओमकारा’त कमरपट्टा झाला. बदल लहानसा, पण परक्या नाटकातली वस्तू इथल्या घरातली झाली की संशयही इथला होतो.

मराठीत विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७च्या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट केला. सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे रंगमंचावरून पडद्यावर आली आणि छायाचित्रण गोविंद निहलानी यांनी केले. नाटकातला खोटा खटला एका दालनात चालतो. ते दालन सोडण्याची गरजच नव्हती. ‘घाशीराम कोतवाल’चे तसे नव्हते. १९७२च्या त्या प्रयोगाचा प्राण म्हणजे ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांची हलती भिंत, आणि ती निखळ रंगमंचीय कल्पना आहे. १९७६ साली तरुण दिग्दर्शकांच्या ‘युक्त’ या सहकारी गटाने केलेल्या चित्रपटाने प्रयोगाची नक्कल न करता वेगळी रचना धरली.

संगीत नाटकाची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे प्रेक्षक गाणे ऐकायलाच आलेला असतो. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’तली (१९६७) पदे जितेंद्र अभिषेकी यांच्या चालींसह लोकांच्या कानात मुरली होती, आणि वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब तर त्या नाटकाची ओळखच होता. सुबोध भावे यांच्या चित्रपटात (२०१५) जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही आली. ज्यांनी नाटक पाहिले नव्हते अशी पिढी त्यामुळे पुन्हा त्या मूळ पदांकडे वळली. रूपांतराच्या हातून घडलेले हे फार मोठे काम आहे.

शेवट बदलण्याचा मोह मात्र जुना. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी ‘पिग्मॅलियन’ या आपल्या नाटकातली फूलवाली एलायझा तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या हिगिन्सला सोडून जाते यावर कायम भर दिला, १९३८च्या चित्रपटाच्या अखेरीस ती परत येते. त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळाले. ‘स्ट्रीटकार’मध्ये नाटकातली स्टेला, म्हणजे ब्लाँशची बहीण, नवऱ्याजवळच राहते, तर सेन्सॉरच्या दडपणामुळे चित्रपटातली स्टेला बाळाला घेऊन घराबाहेर पडते. सगळ्या चित्रपटभर घट्ट धरून ठेवलेली नाटकाची पकड त्या एका क्षणी सुटते.

या साऱ्या खटपटींहून वेगळी वाट लुई माल यांनी आपल्या अखेरच्या चित्रपटात धरली. ‘वान्या ऑन फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९९४) हा चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’चा चित्रपट न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या नाट्यगृहात घडतो. रोजच्या कपड्यांतले नट रस्त्यावरून आत येतात, एकमेकांची चौकशी करतात, गप्पा मारत बसतात. नेपथ्य नाही, वेषभूषा नाही, घंटा नाही. त्या गप्पा चालू असतानाच केव्हातरी चेकॉव्हचा पहिला संवाद बोलला गेलेला असतो, आणि नाटक सुरू झाले आहे हे प्रेक्षकाला थोडे उशिराच कळते.