शहराच्या मध्यवर्ती उद्यानाचे पुनरुज्जीवन : संगोपन करारासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

शहराच्या ऐन मध्यभागातील सार्वजनिक उद्यानाला उतरती कळा लागते, तेव्हा त्यामागे सहसा एकच कारण नसते. माळ्यांची पदे रिक्त राहतात, बंद पडलेल्या दिव्यांची दुरुस्ती लांबत जाते, हिरवळीवर पायवाटा पडतात. मग आसपासच्या कार्यालयांतील माणसे तेथे येणे टाळू लागतात आणि वर्दळ कमी झाली की उरलेल्यांनाही तेथे बसणे असुरक्षित वाटू लागते. अशा उद्यानासाठी नागरिकांची नोंदणीकृत संस्था, परिसरातील व्यावसायिकांचा संघ किंवा एखादा सार्वजनिक न्यास महापालिकेशी दीर्घ मुदतीचा संगोपन करार करू शकतो. जगातील अनेक शहरांत ही पद्धत आता रुळली आहे. तिची नावे आणि अर्जाचे नमुने शहरागणिक वेगळे असले, तरी पात्रतेच्या कसोट्या, लागणारी कागदपत्रे आणि मंजुरीचे टप्पे बरेचसे सारखे असतात.

अर्जाच्या तयारीला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. नव्या उद्यानाचे सुंदर चित्र जोडले म्हणजे अर्ज भक्कम झाला, ही समजूत फार रूढ आहे आणि ती घातकही आहे. उद्यान उजळल्यानंतर पाचव्या, दहाव्या वर्षी झाडांना पाणी कोण घालणार, त्याचा खर्च कोठून येणार आणि संस्थेने ते काम सोडले तर पुढे काय होणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या अर्जात असतात तोच अर्ज छाननीत टिकतो.

कराराने काय मिळते आणि काय मिळत नाही

संगोपन करार हा मालकीचा करार नव्हे. जमीन महापालिकेचीच राहते, प्रवेश सर्वांसाठी खुला राहतो आणि धोरणात्मक निर्णयांचा अधिकारही महापालिकेकडेच राहतो. संस्थेकडे देखभाल, निधी उभारणी, उपक्रमांचे आयोजन आणि करारात लिहिलेली विकासकामे एवढेच सोपवले जाते. संस्थेने स्वखर्चाने बांधलेला मंडप, बसवलेली बाके किंवा लावलेली झाडे हीदेखील साधारणपणे सार्वजनिक मालमत्ता ठरतात, आणि करार संपल्यावर त्यांची भरपाई मागता येत नाही. हे मान्य नसणाऱ्या देणगीदाराला आरंभीच तसे स्पष्ट सांगणे हिताचे असते.

न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 843 एकरांच्या या उद्यानासाठी 1980 मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली, परंतु व्यवस्थापनाचा पहिला औपचारिक करार 1998 मध्ये झाला. मधल्या काळात संस्थेने निधी जमवला, माळी नेमले, 1985 मध्ये पुनरुज्जीवनाचा सविस्तर आराखडा पुढे आणला आणि कामातून विश्वास मिळवला. उद्यानाची मालकी आजही शहराकडेच आहे. नव्या संस्थेने पहिल्याच अर्जात संपूर्ण उद्यान मागण्यापेक्षा एखादा कोपरा किंवा एखादे काम मर्यादित सामंजस्य करारान्वये घ्यावे, असे मला या अनुभवावरून आग्रहाने सुचवावेसे वाटते.

पात्रता

अर्जदार ही कायद्याने नोंदलेली, नफा वाटून न घेणारी संस्था असावी, ही बहुतेक ठिकाणी पहिली अट असते. व्यावसायिकांचा संघ किंवा कंपनी निधी देऊ शकते, पण कराराचा पक्षकार म्हणून स्वतंत्र संस्था असेल तर हिशेब वेगळे राहतात आणि हितसंबंधांचा गुंता टळतो. संस्थेच्या घटनेत सार्वजनिक जागांची देखभाल हे उद्दिष्ट नोंदलेले असले पाहिजे. ते नसेल, तर आधी सर्वसाधारण सभेत ठराव करून घटनेत दुरुस्ती करून घ्यावी. कार्यकारी मंडळात परिसरातील रहिवासी, उद्यानाचा नियमित वापर करणारे नागरिक आणि महापालिकेचा पदसिद्ध प्रतिनिधी यांना स्थान असावे, अशी अपेक्षा असते. केवळ देणगीदारांनी भरलेले मंडळ छाननीत कमकुवत ठरते, आणि ते योग्यच आहे, कारण ज्याच्या पैशाने उद्यान चालते त्याच्याच सोयीने ते चालू लागण्याचा धोका खरा असतो.

संस्थेची आर्थिक क्षमता मागील काही वर्षांच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून पाहिली जाते. नव्या संस्थेकडे असे ताळेबंद नसतात. तिला लेखी देणगी वचने, बँकेतील राखीव निधी किंवा एखाद्या जुन्या संस्थेची हमी सादर करावी लागते. महापालिकेची थकबाकी नसणे, यापूर्वीचा एखादा करार भंगामुळे रद्द झालेला नसणे आणि पदाधिकाऱ्यांचे महापालिकेच्या कंत्राटांत आर्थिक हितसंबंध नसणे, या अटी तर जवळपास सर्वत्र आढळतात.

अर्जाआधीची पाहणी

पुष्कळ संस्था हा टप्पा घाईने उरकतात. वास्तविक सर्वाधिक वेळ येथे द्यायला हवा. पाहणीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे उद्यानातील प्रत्येक वस्तूची नोंद. ही नोंद ‘बाके खराब आहेत’ अशी मोघम नसावी. ‘ईशान्य प्रवेशद्वाराजवळील पिण्याच्या पाण्याचा नळ : चालू; सांडपाण्याची जाळी तुंबलेली; भोवतालची फरशी सुमारे तीन मीटरपर्यंत ओली व निसरडी’ अशी ती असावी आणि सोबत तारीख घातलेले छायाचित्र असावे. झाडांची जात, खोडाचा घेर आणि प्रकृती, दिव्यांच्या खांबांचे क्रमांक, भूमिगत जलवाहिन्या व वीजवाहिन्यांचे नकाशे, उतारमार्गांची रुंदी आणि चढ यांच्याही स्वतंत्र नोंदी कराव्यात. पुढे करार झाल्यावर हीच यादी ताबा पावतीला जोडली जाते आणि कोणते नुकसान आधीचे व कोणते नंतरचे, हा वाद तिच्यामुळे मिटतो.

दुसरा भाग माणसांच्या वापराचा असतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशा वेगवेगळ्या वेळी, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही, उद्यानात कोण येते, कोठे बसते, कोणता रस्ता टाळते आणि किती वेळ थांबते, हे मोजावे. त्यात स्त्रिया, मुले, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती यांची वेगळी नोंद ठेवावी.

या निरीक्षणाचे मोल न्यूयॉर्कच्याच ब्रायंट पार्कने दाखवून दिले. 1970 च्या दशकात ते अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध झाले होते. शहरी जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी तेथील वापराचा बारकाईने अभ्यास करून सांगितले, की उद्यान रस्त्यापेक्षा उंचावर असल्याने आणि कुंपण व झुडपांनी वेढलेले असल्याने बाहेरून आतले दिसत नाही व आतून बाहेरचे दिसत नाही. नेमका हाच आडोसा गैरप्रकारांच्या पथ्यावर पडतो. त्यावरचा उपाय पोलीस बंदोबस्तापुरता मर्यादित राहिला नाही. दृष्टीआड करणारी झुडपे काढली गेली, प्रवेशाच्या वाटा वाढवून रुंद केल्या गेल्या आणि हव्या त्या ठिकाणी उचलून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. जमिनीला न ठोकलेली खुर्ची पाहून अनेकांना आधी चोरीची भीती वाटते. पण माणसाला सावलीत सरकता आले, मित्रांकडे तोंड करून बसता आले की तो अधिक वेळ थांबतो, आणि थांबलेली माणसे हीच उद्यानाची खरी राखण असते. या उद्यानासाठीही संस्था 1980 मध्ये स्थापन झाली, नूतनीकरणासाठी उद्यान 1988 मध्ये बंद झाले आणि 1992 मध्ये ते पुन्हा खुले झाले. वेळापत्रक आखताना हा कालावधी डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

जोडावयाची कागदपत्रे

संस्थेची ओळख पटवणाऱ्या कागदांत नोंदणी प्रमाणपत्र, घटनेची प्रत, कार्यकारी मंडळाची यादी, करनोंदणीचे दाखले, लेखापरीक्षित ताळेबंद आणि अर्ज करण्यास व सही करण्यास अधिकार देणारा सभेचा ठराव यांचा समावेश असतो. ठरावात उद्यानाचे नाव, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि अधिकाराची मर्यादा नसेल, तर केवळ तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

उद्यानाशी संबंधित कागदांत वर सांगितलेली पाहणी, हद्दींचा मोजणी नकाशा, प्रस्तावित आराखडा आणि टप्प्याटप्प्याने करावयाच्या कामांचे अंदाजपत्रक येते. उद्यान वारसा यादीत असेल किंवा जुनी झाडे हलवावी लागणार असतील, तर संबंधित समितीच्या परवानगीसाठी वेगळा प्रस्ताव लागतो. तो मुख्य अर्जाबरोबरच दाखल केल्यास बराच कालावधी वाचतो. अपंग व्यक्तींना उद्यानाच्या प्रत्येक भागात विनाअडथळा जाता येईल, हे दाखवणारा नकाशा स्वतंत्रपणे जोडावा.

या सर्वांत वजनदार कागद म्हणजे देखभाल आणि वित्त योजना. तिच्यात दोन खर्च वेगळे दाखवावेत : एकदाच होणारा भांडवली खर्च आणि दरवर्षीचा चालू खर्च. पहिल्यासाठी देणगी मिळते, कारण तिचा फलक लावता येतो. कचरा उचलणे, स्वच्छतागृहे धुणे आणि पंप दुरुस्त करणे यासाठी देणगीदार सहजासहजी पुढे येत नाही. म्हणून चालू खर्चाचा स्थायी स्रोत दाखवावा लागतो. बोस्टनमधील पोस्ट ऑफिस स्क्वेअर येथे जुना बहुमजली वाहनतळ पाडून भूमिगत वाहनतळ बांधण्यात आला, वर उद्यान उभे राहिले आणि वाहनतळाच्या उत्पन्नावर त्याची देखभाल चालते. काही शहरांत आसपासच्या मालमत्ताधारकांकडून ठराविक वर्गणी कायदेशीर मार्गाने गोळा होते, तर काही ठिकाणी उपाहारगृहाचे भाडे वापरले जाते. स्रोत कोणताही असो, मोठ्या दुरुस्त्यांसाठी दरवर्षी काही रक्कम राखीव निधीत टाकण्याची तरतूद योजनेत असावी.

दाखल केल्यानंतरचे टप्पे

अर्ज उद्यान विभागाकडे दाखल करून दिनांकित पोच घ्यावी. प्रथम कागदपत्रांची छाननी होते आणि त्रुटी असल्यास लेखी कळवल्या जातात. त्यानंतर संयुक्त स्थळपाहणी होते; तिला संस्थेच्या आर्थिक आणि बागकामाच्या अशा दोन्ही बाजू जाणणारी माणसे हजर असावीत. प्रस्ताव स्वीकारार्ह वाटल्यास महापालिका तो प्रसिद्ध करून इतर इच्छुकांना संधी देते, कारण सार्वजनिक जागेची जबाबदारी स्पर्धेशिवाय सोपवल्यास निर्णयावर आक्षेप येऊ शकतो.

मग हरकती व सूचनांचा टप्पा येतो. या टप्प्याला अडथळा मानू नये. उद्यानात रोज झोपणारा बेघर माणूस, दाराशी बसणारा फेरीवाला, सभा आणि निदर्शने करणारे गट यांचे पुढे काय होणार, हे प्रश्न येथेच विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. गर्दुल्ल्यांना हटवण्याच्या नावाखाली गरिबांनाच हटवणारे उद्यान सार्वजनिक म्हणवून घेऊ शकत नाही. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे आणि आराखड्यात झालेला बदल त्या उत्तरात नमूद करावा. सुनावणीनंतर प्रस्ताव समितीपुढे, मग सर्वसाधारण सभेपुढे जातो आणि मंजुरीनंतर कराराचा मसुदा विधी विभागाकडे येतो.

मसुद्यात तपासावयाची कलमे

कालावधी, नूतनीकरण, अनामत रक्कम, दायित्व विमा, सुरक्षेची जबाबदारी आणि तंटा निवारण ही कलमे नेहमीची आहेत. वकिलाकडून ती एकदा तपासून घ्यावीत. सर्वाधिक काळजी मात्र जागेचा सार्वजनिकपणा जपणाऱ्या कलमांची घ्यावी. शिकागोतील मिलेनियम पार्क 2005 मध्ये एका मोटार कंपनीच्या खासगी कार्यक्रमासाठी दिवसभर भाड्याने देण्यात आले, कंपनीने त्यासाठी 8 लाख डॉलर मोजले आणि सामान्य नागरिकांना प्रवेश नाकारला गेल्याने मोठी टीका झाली. उत्पन्नाची गरज खरी असली, तरी वर्षातून किती दिवस, किती तास आणि उद्यानाचा किती भाग सशुल्क कार्यक्रमासाठी बंद ठेवता येईल, याचे आकडे करारातच लिहिलेले असावेत. ‘वाजवी प्रमाणात’ असा शब्दप्रयोग मान्य करू नये, कारण त्याचा अर्थ ज्याच्या हाती जागा असते तोच ठरवतो. प्रायोजकाच्या फलकाचा कमाल आकार, उद्यानाच्या नावात बदल न करण्याची हमी, सभा आणि निदर्शनांना महापालिकेच्याच नियमांनी परवानगी, सुरक्षारक्षकांच्या अधिकारांची मर्यादा आणि त्यांच्याविरुद्ध तक्रारीची सोय, हेही लेखी असावे.

महापालिकेच्या बाजूचे एक कलम संस्थांनी आग्रहाने मागावे : करारापूर्वी त्या उद्यानावर होत असलेला सार्वजनिक खर्च अचानक बंद केला जाणार नाही. खासगी निधी आला म्हणून माळी दुसरीकडे हलवले गेले, तर संस्थेचा सारा पैसा जुनी पोकळी भरण्यातच जातो. शिवाय मध्यवर्ती उद्यानाला श्रीमंत शेजारी लाभतात, वस्त्यांमधील उद्यानांना ते लाभत नाहीत. त्यामुळे वाचलेला निधी किंवा उत्पन्नाचा काही भाग त्या उद्यानांकडे वळवण्याची तरतूद करणे न्याय्य ठरते.

करारावर सह्या झाल्यानंतर संयुक्त पाहणी करून ताबा पावती केली जाते आणि त्या दिवसापासून मुदत सुरू होते. दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब, कार्यक्रमांची यादी, आलेल्या तक्रारी व त्यांवरील कार्यवाही आणि पहिल्या पाहणीच्याच पद्धतीने केलेली वापराची मोजणी महापालिकेला सादर करून उद्यानाच्या प्रवेशद्वारावरही लावावी. कराराची मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. नूतनीकरण नको असल्यास त्याच वेळी हस्तांतराची सूचना द्यावी, म्हणजे महापालिकेला पुढच्या अंदाजपत्रकात माळी, पाणी आणि विजेची तरतूद करता येते.