अलेक्झांडरची भारतावरील स्वारी

मॅसिडोनियाचा राजा अलेक्झांडर (इ. स. पू. ३५६–३२३) याने इ. स. पू. ३२७ ते ३२५ या काळात सिंधूच्या खोऱ्यात केलेली मोहीम. इराणचे अकिमेनिड साम्राज्य जिंकल्यानंतर तो हिंदुकुश ओलांडून या बाजूला उतरला. ‘भारतावरील स्वारी’ हा शब्द रूढ असला तरी तिची धाव पंजाब आणि सिंधपुरतीच होती. गंगा त्याने पाहिलीही नाही.

स्वातच्या डोंगराळ मुलुखात त्याला कडवा प्रतिकार झाला. मस्सग येथे तह करून बाहेर पडलेल्या भारतीय भाडोत्री सैनिकांची त्याने कत्तल केली. त्याचा चरित्रकार प्लूटार्क यानेही हा त्याच्या कीर्तीवरचा डाग मानला आहे. तक्षशिलेच्या आंभी राजाने मात्र न लढताच त्याचे स्वागत केले.

यापुढची मोहीम नद्या आणि पाऊस यांना वगळून समजतच नाही. इ. स. पू. ३२६ च्या उन्हाळ्यात झेलम (वितस्ता, ग्रीकांची हायडॅस्पीस) फुगलेली होती आणि पलीकडे पौरव राजा पोरस हत्ती घेऊन उभा होता. हत्तींसमोर ग्रीकांचे घोडे बुजत, त्यामुळे समोरून नदी उतरणे अशक्य होते. अलेक्झांडरने सिंधूवरच्या होड्यांचे तुकडे करून ते जमिनीवरून इथवर आणवले. रोज रात्री काठावर घोडदळ फिरवून गलबला करायचा आणि उतरायचे मात्र नाही, असे करून पोरसाला त्याने बेसावध केले. सेनापती क्रेटरसला छावणीत ठेवून, एका वादळी रात्री, सुमारे २५ किलोमीटर वरच्या अंगाला तो पार झाला. प्रथम पाय टेकले ते बेटावर. पुढचा प्रवाह गळ्याएवढ्या पाण्यातून ओलांडावा लागला. त्याला अडवायला आलेल्या पोरसपुत्राचे रथ चिखलात रुतले. मुख्य लढाईत जखमी हत्ती उलटून स्वतःच्याच सैन्याला तुडवू लागले. पोरस हरला, पण जखमी होऊनही शेवटपर्यंत हत्तीवरून लढला. अलेक्झांडरने त्याचे राज्य त्याला परत दिले, वर आणखी प्रदेश जोडला. यात औदार्य होते, तसाच इतक्या दूरचा मुलूख सांभाळण्याचा व्यवहारही होता.

चिनाब आणि रावी ओलांडून सैन्य बियासपर्यंत पोहोचले आणि थांबले. सत्तर दिवस पाऊस अंगावर घेतलेल्या सैनिकांना पूर्वेकडच्या बलाढ्य राज्याच्या वार्ता कानी येत होत्या. सेनापती कीनसने त्यांचे म्हणणे राजापुढे मांडले. काठावर बारा वेद्या उभारून अलेक्झांडर माघारी वळला. त्या वेद्यांची जागा आजवर सापडलेली नाही.

परतीची वाट आरमारासह झेलम आणि सिंधूने समुद्राकडे गेली. वाटेत मालव लोकांच्या गढीवर चढताना छातीत बाण लागून तो मरता मरता वाचला. नीआर्कस आरमार घेऊन किनाऱ्याने निघाला. राजा मकरानच्या वाळवंटातून गेला आणि तिथे तहानेने असंख्य माणसे दगावली.

या स्वारीची सारी हकिगत ग्रीक-रोमन लेखकांकडूनच मिळते. प्राचीन भारतीय वाङ्मयात तिचा उल्लेख नाही. जिंकलेला मुलूखही फार टिकला नाही: इ. स. पू. ३०५ च्या सुमारास अलेक्झांडरचा एक सेनापती आणि वारसदार सेल्यूकस याने सिंधूकडील प्रांत चंद्रगुप्त मौर्याला देऊन त्या बदल्यात ५०० हत्ती घेतले.