व्यापारी शहरे आणि कला-विद्येचा बहर

व्यापारातून पैसा साठलेल्या शहरांत चित्र, शिल्प, नाट्य, संगीत आणि शास्त्रे यांना बहर येतो, असे इतिहासात वारंवार दिसते. नमुना म्हणून बहुधा इटलीतील फ्लॉरेन्सचे नाव घेतले जाते. तेथे १२५२ मध्ये फ्लोरिन हे सोन्याचे नाणे पाडले गेले आणि १३९७ मध्ये मेदिची घराण्याची पेढी उभी राहिली. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या काशाच्या दरवाजांसाठी कापडव्यापाऱ्यांच्या संघाने कारागिरांची स्पर्धा लावली. ती जिंकणाऱ्या गिबेर्तीला दरवाजे पुरे करायला वीसेक वर्षे लागली. एवढा काळ ज्याला वाट पाहता येते, असा पैसा हे या बहराचे खरे कारण. नुसती श्रीमंती पुरत नाही.

आपल्याकडेही ही रीत जुनी आहे. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड म्हणजे प्राचीन करहाकट. मध्य भारतातील भारहूत स्तूपाच्या दानलेखांत या नगराचे नाव येते. व्यापाराच्या वाटेवरच्या गावाने शेकडो कोस दूरच्या शिल्पकामाला हातभार लावला, एवढे त्यातून कळते.

सांगलीत थांबण्याची ही कला अक्षरशः जमिनीखाली होती. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरच्या मातीत खोदलेली पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, तोंडाला अरुंद आणि आत ऐसपैस असत. त्यांत हळद भरून तोंड मातीने लिंपले की आत हवा शिरत नसे, कीड लागत नसे आणि माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडले तरी आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी लगेच आत उतरत नसे. भाव पडला म्हणून विकायची घाई नाही, चढेपर्यंत दम धरायचा, हा अडत्यांचा स्वभाव या पेवांनी घडवला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या बऱ्याच पेवांत मात्र २००५ च्या महापुरातच पाणी शिरले होते.

तरीही सांगलीच्या नाटकाचे श्रेय हळदीला देणे चुकीचे ठरेल. तिथे पहिला हात दरबाराचा होता. मिरजेच्या काकांपासून वेगळे झालेल्या चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास सांगलीला गादी मांडली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून त्यांनी पदरच्या विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला आणि भाव्यांच्या डोक्यावर कर्ज राहिले. मंडळी घेऊन ते गावोगाव निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. दरबाराने जन्माला घातलेले नाटक व्यापारी शहराने जगवले, ते असे. राजाची मर्जी एका माणसाबरोबर संपते, तिकीट घेणारे मात्र शेकडो असतात.

पुढे सांगली-हरिपूरनेच गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे नाटककार दिले. सांगलीकर आपल्या गावाला ‘नाट्यपंढरी’ म्हणतात, त्यात अभिमान आहे पण अतिशयोक्ती फारशी नाही.

शेजारच्या मिरजेची गोष्ट निराळी. तिथे बाजारापेक्षा कारागिराचा हात महत्त्वाचा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम लढाया थांबल्यावर बसले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातील काही जण भोपळ्याच्या सतारी आणि तंबोरे घडवू लागले. किराणा या गायन-घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ इथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते वारले आणि त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. गवई आणि वाद्य घडवणारा एकाच गावात असला, की तंबोऱ्याच्या जवारीचा, म्हणजे तारेला गुंजन देणाऱ्या घोडीवरच्या घडणीचा, दोष त्याच दिवशी सुधारता येतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

विद्येकडे पैसा वळायला सांगलीत वेळ लागला. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले.

सगळ्याच श्रीमंत पेठांना बहर येत नाही. जिथे उलाढाल मोठी पण माणसे फक्त सौद्यापुरती येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात, तिथे धर्मशाळा उभी राहते, नाट्यगृह नाही. व्यापाऱ्याने त्या गावात घर बांधलेले असले आणि आपले नाव तिथेच राहावे असे त्याला वाटत असले, तर पैसा गावात मुरतो. सरदारांचेही तसेच. वाईला पेशव्यांच्या काळात रास्ते सरदारांनी घाट आणि देवळे बांधली. ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ चे आहे.