क्लॉज मोजायचे कसे? दोन व्याकरणांची पार्श्वभूमी

नाशिकला अशोक स्तंभ, कॉलेज रोड या भागातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं एका वाक्यावर हमखास अडतात: 'हिअरिंग द नॉइज, ही वोक अप.' क्लासचे सर सांगतात, हे सिंपल सेंटेन्स, कारण पहिला तुकडा नुसती फ्रेज, म्हणजे शब्दसमूह आहे; क्लॉज, म्हणजे स्वतःचं क्रियापद असलेलं उपवाक्य नाही. मोबाईलवरचे दुसरे सर त्याच तुकड्याला बिनदिक्कत क्लॉज म्हणतात. चूक दोघांचीही नाही. दोघं वेगवेगळ्या काळातलं व्याकरण शिकवताहेत.

सिंपल (एकच क्लॉज), कॉम्प्लेक्स (मुख्य वाक्याला गौण वाक्य जोडलेलं), कंपाउंड (बरोबरीची वाक्यं जोडलेली) ही विभागणी शाळेत अशी शिकवली जाते, जणू इंग्रजी ती घेऊनच जन्माला आली. पण 1795 साली निघालेल्या लिंडले मरेच्या व्याकरणात वाक्यं दोनच प्रकारची होती. एक कर्ता आणि एक फायनाइट, म्हणजे काळ-पुरुषाप्रमाणे चालणारं क्रियापद असलं की सिंपल, उरलेलं सगळं कंपाउंड. मुख्य वाक्यावर टेकलेली गौण वाक्यं वेगळी काढायची आणि ती नामाचं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं काम करतात हे पाहायचं, ही पद्धत जर्मन वैयाकरण कार्ल फर्डिनांड बेकर याची. जे. डी. मॉरेलने ती 1852 मध्ये पुस्तकरूपाने इंग्लंडच्या शाळांपुढे मांडली. मॉरेल शाळा तपासनीस होता, आणि मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. वाक्य तोडा, तक्ता आखा, रकाने भरा: तपासायला याहून सोयीचं काय असणार?

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये सुरू झालं आणि त्याच्या मॅट्रिकसाठी नाशिकची मुलंही इंग्रजीला बसू लागली. पुढे भारतात शिक्षण खात्यात काम केलेल्या नेसफील्डची व्याकरणं शाळाशाळांत गेली आणि 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन या जोडीचं व्याकरणाचं पुस्तक आलं. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेलेला. या पुस्तकांनी वाक्यं जोडणं, तोडणं, बदलणं याचे सरावच्या सराव दिले. 'डू अ‍ॅज डायरेक्टेड', 'रिमूव्ह टू', 'नो सूनर दॅन' हे सगळं त्याच घराण्यातलं. फायनाइट क्रियापदं मोजा, तेवढे क्लॉज, हा क्लासमधला तोडगाही तिथलाच.

मोबाईलवरच्या सरांचं घराणं निराळं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये आणि मग 1985 मध्ये इंग्रजीची मोठी व्याकरणं लिहिली. त्यांत 'हिअरिंग द नॉइज' हा नॉन-फायनाइट क्लॉज ठरतो. क्रियापद आहे, त्याला कर्म आहे, कर्ता सांगितला नसला तरी कळतो. मग क्लॉज का म्हणू नये? तर्क म्हणून मला हेच पटतं. पण जुन्या वळणाच्या प्रश्नपत्रिकेत तसं लिहिलं तर गुण जायचे.

आपल्या मराठीच्या पुस्तकातलं केवल, मिश्र, संयुक्त हे वर्गीकरणही इंग्रजीच्याच वळणाचं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हाच समोर मरेचा नमुना होता. गंमत अशी की क्रियापद मोजण्याची कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. संस्कृतात प्राचीन वैयाकरण कात्यायनाने कधीच सांगून ठेवलंय, 'एकतिङ् वाक्यम्', म्हणजे एक तिङन्त (काळ-पुरुषाचा प्रत्यय लागलेलं) क्रियापद, एक वाक्य.

खरी अडचण मोजण्यात नाहीच. 'त्र्यंबकला जाणारी बस चुकली' हे मराठीत सरळ केवलवाक्य. 'जाणारी' या कृदंताने, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणाने काम भागलं. इंग्रजी करताना पोरगं शाळेत घोटलेलं 'द बस दॅट गोज टू त्र्यंबक' पकडतं आणि वाक्य कॉम्प्लेक्स होऊन बसतं. 'द बस गोइंग टू त्र्यंबक' म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि मराठीच्या जास्त जवळही राहिलं असतं. पण मराठी माध्यमाच्या वर्गात हे दोन रस्ते शेजारी शेजारी ठेवून फारसं कुणी दाखवत नाही. मराठी व्याकरणाचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा, आणि बहुधा शिक्षकही वेगळे.