कफ सिरपमधलं विष: हे छिंदवाड्यात सुरू झालेलं नाही

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं औषध घेऊन एकामागोमाग एक दगावली, बरीचशी उपचाराला आपल्या नागपूरला आणली होती, वीसच्या वर मुलं गेली. तेव्हा सगळी चर्चा त्या एका कंपनीवर आणि एका डॉक्टरवर झाली. कारवाई व्हायलाच हवी होती, पण डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे डीईजी, हे विष औषधाच्या बाटलीतून माणसांना मारतंय त्याला नव्वद वर्षं होत आली आणि आपल्या मुंबईतही ते येऊन गेलंय, हे फार कमी लोकांना आठवतं.

आधी हे येतं कुठून ते बघू. पातळ औषधात मूळ औषध विरघळवायला आणि गोडसर दाटपणा आणायला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. औषधाच्या दर्जाचं महाग असतं, कारखान्यात वापरायचं स्वस्त, आणि या स्वस्त मालात डीईजी मिसळलेलं असू शकतं किंवा पैसे वाचवायला कुणी मुद्दाम मिसळतं. डीईजी स्वतः ब्रेक ऑइल, अँटिफ्रीझ असल्या गोष्टींत वापरतात. बिनरंगी, दाट आणि चवीला गोड, त्यामुळे ड्रम उघडून नुसतं बघून किंवा चाखून काहीही कळत नाही, टेस्टच करावी लागते. पोटात गेलं की उलट्या, पोटदुखी, मग लघवी कमी होत जाऊन बंद आणि किडनी निकामी.

पहिली मोठी घटना अमेरिकेतली, १९३७. मॅसेंगिल नावाच्या कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध चक्क डीईजीमध्ये विरघळवून विकलं, विषारी आहे का हे बघितलंच नाही, शंभरच्या वर माणसं गेली आणि त्यात बरीच लहान मुलं होती. विकण्याआधी औषध सुरक्षित आहे हे दाखवायची कायद्याने सक्तीच नव्हती, म्हणून कंपनीवर केस झाली ती लेबल चुकीचं लावल्याची! पण पुढच्याच वर्षी, १९३८ ला, तिथे नवा कायदा आला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा, म्हणजे कायदा नव्हता असं आपल्याला म्हणता येत नाही. तरी १९७३ ला मद्रासमध्ये १४ मुलं डीईजीने गेली.

आणि मग १९८६, मुंबईचं जेजे हॉस्पिटल. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे मेंदूची सूज किंवा डोळ्यातलं प्रेशर उतरवायला पेशंटना ग्लिसरीन पाजत होते, नेहमीचाच उपचार, आणि ज्यांना ते दिलं त्यांच्या किडन्या बंद पडायला लागल्या. १४ जण गेले. आलेलं ग्लिसरीन औषधाच्या दर्जाचं नव्हतंच, कारखान्याचं होतं आणि त्यात डीईजी होतं. हायकोर्टाचे जस्टिस बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्यांनी फक्त माल पुरवणाऱ्याला दोषी धरून फाईल बंद केली नाही. हॉस्पिटलची खरेदी कशी होते, एफडीएमध्ये, म्हणजे राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनात, कोणाला लायसन्स कसं मिळतं, मंत्री कुठे हात घालतात, सगळं बाहेर काढलं, आरोग्यमंत्री भाई सावंतांना राजीनामा द्यावा लागला. मला वाटतं आपल्या देशात औषधाच्या सुरक्षिततेवर इतकं स्पष्ट फार कमी वेळा लिहिलं गेलंय, आणि तरी आज मेडिकल कॉलेजमधल्या मुलांनाही लेंटिन आयोग माहीत नसतो याचं खूप वाईट वाटतं.

कारण त्यानंतरही तेच होत राहिलं. १९९८ ला गुडगावमध्ये ३६ मुलांना विषबाधा, त्यातली ३३ गेली. २०१९-२० ला जम्मूतल्या रामनगरला पुन्हा मुलंच. २०२२ ला आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलं दगावली, जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या मेडन कंपनीच्या चार सिरपबद्दल जगाला इशारा दिला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी उझबेकिस्तानमध्ये नोएडाच्या एका कंपनीचं सिरप सापडलं.

इथे एक गोष्ट घडली जी मला अजिबात पटत नाही. देशाचं नाव खराब झालं म्हणून जून २०२३ पासून परदेशी जाणारं कफ सिरप आधी सरकारमान्य लॅबमध्ये तपासूनच पाठवायचं असा नियम केला, पण आपल्याच मुलांच्या पोटात जाणाऱ्या सिरपला बाहेरच्या लॅबची तशी सक्ती केली नाही, ते कंपनीच्या स्वतःच्या तपासणीवर सोडलं! नियमाप्रमाणे कंपनीने कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासायचीच असते, पण छिंदवाड्यानंतर केंद्राच्या औषध नियंत्रकांनीच राज्यांना लिहिलं की काही कंपन्या ती तपासत नाहीत असं दिसलंय.

कोल्ड्रिफ तामिळनाडूत कांचीपुरमजवळ बनायचं. तिथल्या सरकारी लॅबने तपासलं तेव्हा त्यात डीईजी ४८.६ टक्के निघालं, आणि चालतं किती तर जास्तीत जास्त ०.१ टक्का. जे मुलं गेल्यावर लॅबला सापडलं ते बाटली भरायच्या आधीही सापडलं असतं, ड्रम फोडला की लगेच करता येईल अशी प्राथमिक टेस्ट आहे, तिला फार महागडं मशीनही लागत नाही.

केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये डॉक्टरांना पुन्हा सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळाच, बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. तरी घरात कुणाला सिरप दिलं असेल आणि मूल उलट्या करतंय, लघवी कमी झालीय असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि ती बाटली सोबत न्या, बॅच नंबर तिच्यावरच असतो.