कायपर पट्ट्यातील हिमपिंडांचे रंग

नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यात फिरणाऱ्या लहान बर्फाळ पिंडांच्या रंगांवरून त्यांची घडण ओळखण्याचा अभ्यास. डेव्हिड ज्यूइट आणि जेन लू या खगोलशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हवाईतील मौना कीआ पर्वतावरच्या दुर्बिणीतून आल्बियन हा पिंड शोधला आणि या अभ्यासाला वाट मिळाली.

रंग मोजायचा म्हणजे एकाच पिंडाचे निळ्या, पिवळसर-हिरव्या आणि तांबड्या फिल्टरमधून फोटो घेऊन तेजस्वितेतला फरक काढायचा. हा फरक सूर्यप्रकाशाइतकाच निघाला तर पिंड करडा. तांबड्यातली चमक त्याहून जास्त भरली तर पिंड तांबडा. पण पिंड स्वतःभोवती फिरत असतो. लांबट हाउमेआ तर चार तासांच्या आत एक फेरी पुरी करतो. निळा फोटो आत्ता आणि तांबडा तासाभराने घेतला, तर फिरण्यामुळे बदललेले तेज रंगाच्या हिशेबात शिरते. म्हणून तांबडा, निळा, पुन्हा तांबडा असे आलटून पालटून फोटो घेतात. हे काम चिकाटीचे आहे, कारण बहुतेक पिंड अतिशय अंधुक असतात.

रंगांची विविधता थक्क करणारी आहे. पट्ट्यातून आत भरकटलेल्या सेंटॉर पिंडांपैकी कायरॉन करडा, तर फोलस गडद तांबडा. मिथेन, मिथेनॉल यांच्या बर्फावर अतिनील किरणांचा आणि वैश्विक किरणांचा मारा होऊन कार्बनची गुंतागुंतीची संयुगे बनतात आणि तांबडेपणा येतो, असे मानले जाते. धूमकेतूंच्या गाभ्यांवर एवढा गडद तांबडा थर दिसत नाही. सूर्याजवळ येताना तो टिकत नसावा.

मात्र रंगावरून पदार्थाचे नाव कळत नाही, त्यासाठी अवरक्त वर्णपटच, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेला अवरक्त प्रकाशच हवा. १.५ आणि २ मायक्रॉन तरंगलांबीजवळचे खळगे, म्हणजे प्रकाश शोषला गेल्याच्या खुणा, पाण्याचा बर्फ दाखवतात. एरिस आणि माकेमाके या पिंडांवर मिथेन आढळतो. हाउमेआवर जवळजवळ निव्वळ पाण्याचा बर्फ आहे. त्याच्यासारख्या कक्षांतल्या काही पिंडांवरही तोच दिसतो, म्हणून ते एकाच टकरीचे तुकडे मानले जातात. पृथ्वीवरून ज्यांचा वर्णपट हाती लागत नसे, अशा पिंडांवर वेब या अवकाश दुर्बिणीला कार्बन डायऑक्साइडचा बर्फ सर्रास सापडला.

१ जानेवारी २०१९ रोजी ‘न्यू होरायझन्स’ यान आरोकोथ या पिंडाजवळून सुमारे ३,५०० किलोमीटरवरून गेले. दोन गोळे चिकटलेल्या या तांबड्या पिंडावर मिथेनॉलचा बर्फ मिळाला, पाण्याची ठळक खूण मात्र नाही. दोन्ही गोळ्यांचा रंग जवळपास सारखाच आहे. एकाच ठिकाणच्या द्रव्यातून ते घडल्याचा हा बोलका पुरावा.